बारा उजवे पाय

"उजवा काढा, उजवा. डावा राहू द्या बुटातच," चावीमावशी म्हणाली आणि पाणी किती गरम आहे ते बघायला तिने घंगाळात कोपर बुडवलं.

समोर बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या वॉचमनने डावा बूट अर्धा काढलाच होता. तो त्याने पुन्हा घातला. "दोन्ही धुतले तर काय झिजणार आहेत का तुमच्या साहेबांचे हात?"

"साहेब एकच धुतात. गुडघे दुखतात त्यांचे."

"अहो, पण आत्ता तर तुम्ही धुताय ना?"

"मी तालीम घेतेय. जो पाय नाटकात नाही त्याची तालीम कशाला? ठेवा इकडे." तिने त्याची टाच धरून पाण्यात ओढली आणि वजरीने घासायला सुरुवात केली. वॉचमन गुदगुल्यांनी ओय ओय करायला लागला, तशी ती म्हणाली, "गप बसा. शिष्य असे हसत नव्हते."

चर्चच्या मागची ही खोली. एरवी इथे मेणबत्त्या, फुलदाण्या आणि मोडकी बाकं असत. वर्षातून एक दिवस मात्र, पाय धुण्याच्या गुरुवारी, सकाळपासून इथे बारा गरीब आणून बसवत. चार वाजता बिशपसाहेब भरल्या चर्चमध्ये गुडघे टेकून त्यांचे पाय धुणार असत. प्रभूने आपल्या बारा शिष्यांचे धुतले होते, म्हणून. गोष्ट खरीच सुंदर होती, आणि मावशीला ती लहानपणापासून फार आवडायची. पण प्रभूने धुतले ते पाय दिवसभर धुळीतून चालून आले होते, आणि कमिटीला धूळ चालत नसे. अकरा वर्षांपूर्वी एका कोळसेवाल्याचा पाय चांदीच्या घंगाळात पडला आणि पाणी असं काही काळं झालं, की साहेबांच्या लेसच्या बाह्या गेल्या त्या गेल्याच. वर फोटोही तसाच छापून आला. तेव्हापासून नियम झाला. धुवायचे पाय आधी धुवून घ्यायचे. साबण लावायचा, वजरीने घासायचे, नखं कापायची, पुसून पावडर मारायची, आणि मग साहेबांपुढे ठेवायचे. साहेब त्यावर तीन थेंब पाणी सोडणार, फडक्याने टिपणार, पुढे सरकणार. आणि हे सगळं फक्त उजव्या पायाचं. त्या दिवशी बारा माणसं घरी जायची ती एक पाय नवरीचा आणि एक पाय हमालाचा घेऊन.

याला कमिटी नम्रता म्हणायची. मावशी काय म्हणायची ते चर्चच्या भिंतींना ठाऊक होतं. झाडू मारताना ती त्यांच्याशीच बोलायची.

एकतीस वर्षं ती या चर्चची राखण करत होती. कमरेला बेचाळीस चाव्यांचा जुडगा; म्हणून चावीमावशी. चर्चची, कचेरीची, शाळेची, दवाखान्याच्या कोठाराची, सगळी दारं तिच्या कमरेला लटकलेली. तिचं बारसं कोणत्या नावाने झालं होतं हे आता फक्त तिच्या धाकट्या बहिणीला माहीत होतं, आणि तीही ताईच म्हणायची. एकतीस वर्षांत मावशीने तीन पाळक, दोन बिशप आणि कमिट्या तर किती पाहिल्या, त्यांची गणती नाही. त्या सगळ्यातून तिचा आदर उरला होता फक्त प्रभूवर आणि घंटेवर. घंटा तरी वेळेवर वाजायची.

अकरा पाय झाले. बारावा पाय अजून यायचा होता, आणि मावशीचा सगळा जीव त्या बाराव्यात अडकला होता.

बारावी होती तिची धाकटी. भिंतीपलीकडच्या दवाखान्याच्या, म्हणजे चर्चच्याच दवाखान्याच्या, लाँड्रीत ती एकोणीस वर्षं चादरी धूत होती. तिला तिथे चिकटवलं मावशीनेच. "देवाच्या घरचं काम आहे, डोळे झाकून ये," असं म्हणून. डोळे झाकून आली बिचारी. सोळा वर्षं बरी गेली. मग साहेबांच्या मनात आलं की आपल्याकडे एक भवन हवं. सामाजिक न्याय भवन. संगमरवरी फरशी, दोनशे खुर्च्या, बाहेर सोनेरी अक्षरं. बांधलं ते लाँड्रीला खेटून, आणि बांधताना लाँड्रीची मोरी जिथून बाहेर जात होती तिथेच बिल्डरने पाया भरला. झालं. त्या दिवसापासून लाँड्रीचं पाणी जायला वाट नाही. नऊ बायका तीन वर्षं घोट्याएवढ्या साबणाच्या आणि ब्लीचच्या पाण्यात उभ्या. संध्याकाळी बादल्यांनी उपसायचं, सकाळी पुन्हा तेवढंच. मोरी मोकळी करायची तर भवनाची फरशी फोडावी लागणार, आणि ती फरशी परदेशातून आलेली. सामाजिक न्यायाला तडा जाऊन कसं चालेल?

चार अर्ज झाले. बायकांनी अंगठे आणि सह्या करून दिले. कमिटीच्या सेक्रेटरीने चारही वेळा एकच उत्तर लिहिलं: 'विषयावर प्रार्थनापूर्वक विचार चालू आहे.' तेव्हापासून बायकांनी त्याचं नावच प्रार्थनापूर्वक ठेवलं. निदान रबरी बूट तरी द्या म्हणून पाचवा अर्ज गेला, त्यावरही तो प्रार्थनेलाच बसला.

धाकटीला साखरेचा आजार. जखम झाली की भरत नाही. गेल्या वर्षी डाव्या पायाची करंगळी काढावी लागली, आणि आता तिच्या शेजारी एका जखमेचं तोंड उघडलं होतं ते मिटतच नव्हतं. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं, पाय कोरडा ठेवा. तोंडाने सांगितलं, नाहीतर घोट्यापासून काढावा लागेल. कागद खिशात ठेवून धाकटी पुन्हा पाण्यात उतरली, कारण जिन्याखालची राहायची खोली कामाबरोबर मिळालेली होती आणि कामाबरोबरच गेली असती. एकाच दवाखान्याच्या एका मजल्यावर पाय कोरडा ठेवा आणि खालच्या मजल्यावर बुडवा. देवाच्या घरचा कारभार!

धाकटी आली ती दारातच घुटमळली. हातात रबरी चपला, दोन्ही पाय पाण्याने फुगून पांढरे पडलेले, डाव्याला ड्रेसिंग.

"ताई, पाचपर्यंतच सुट्टी दिलीय. पाय धुऊन झाले की लगेच ड्यूटीवर ये म्हणाले."

"ये, बस. उजवा दे."

मावशीने तिचा उजवा पाय मांडीवर घेतला. वजरी लावायची सोय नव्हती, कातडंच निघालं असतं. तिने नुसता हात फिरवला आणि पावडर लावली. तेवढ्यात प्रार्थनापूर्वक तपासणीला आलाच. नाकाला रुमाल, काखेत यादी. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. हा गृहस्थ म्हाताऱ्यांचे पाय बाकावर बघत निघाला. एकेका पायाशी थांबून "छान, छान" म्हणत तो बाराव्याशी पोचला.

"हा जरा सुरकुतलेला दिसतोय."

"पाण्यातला आहे," मावशी म्हणाली.

"बरं, चालेल. पावडर जरा सढळ हाताने लावा. आज बाहेरचे पाहुणे आहेत, मावशी. उपासना संपली की भवनात साहेबांना नैतिक नेतृत्वाचा पुरस्कार आहे. तुम्ही साडेपाचला भवन उघडून खुर्च्या पुसून ठेवा." आणि धाकटीच्या डाव्या पायाकडे नजर जाताच तो घाईने म्हणाला, "तो मात्र खुर्चीखाली राहू दे हं, ताई."

तो गेल्यावर मावशीने दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "धाकटे, ऐक. साहेब तुझ्यापुढे आले की उजवा नाही काढायचा. डावा काढायचा. ड्रेसिंग आधीच सोडून ठेव."

धाकटीचं तोंडच उतरलं. "ताई! एवढ्या लोकांत? मला लाज वाटते गं."

"तुला का लाज? तू नाही केलास तो असा."

"साहेब रागावले तर?"

"नाही रागवायचे. त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं नाही अजून, म्हणून हे सगळं. कागद बघतात, पाय कुठे बघितलाय? एकदा बघितला ना, की आपोआप होईल बघ."

हे बोलताना मावशीच्या आवाजात तिरकेपणा नव्हता, आणि हीच तिची चूक होती. सगळ्या जगाला ती ओळखून होती. फक्त या एका माणसाच्या बाबतीत तिच्या मनात एक जुनी गोष्ट शिल्लक होती. साहेब सव्वीस वर्षांपूर्वी इथे कोवळे पाळक म्हणून आले होते. पुराच्या वर्षी गुडघाभर पाण्यातून त्यांनी स्वतः खांद्यावरून आजारी माणसं वाहून आणली होती. रात्रंदिवस भिजायचे आणि मग मावशीच्या खोलीत येऊन शेगडीवर मोजे वाळत घालायचे. "मावशी, चहा असेल का हो?" असं विचारायचे ते. त्यांच्या सदऱ्याची बटणं तिने कितीदा लावून दिली होती. तो पोरगेला पाळक या जरीच्या झग्याच्या आत कुठेतरी असेल, थोडा घुसमटला असेल, पण असेल, असं तिला वाटायचं. ती हे कुणाला सांगायची नाही. लोक हसले असते, आणि बरोबर हसले असते.

चार वाजता चर्च भरलं. पुढच्या रांगेत बाहेरचे पाहुणे बसले होते, गळ्यात ओळखपत्रं घालून. बारा खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या, त्यांवर बारा जण एकेक पाय उघडा टाकून बसलेले. मावशी गरम पाण्याची किटली आणि कशिदा काढलेले टॉवेल घेऊन साहेबांच्या मागे उभी होती.

साहेबांनी वरचा झगा उतरवला. तो उतरवतानाही दोन माणसं लागली. कमरेला टॉवेल बांधला, गुडघ्याखाली मखमली उशी सरकवली गेली आणि गायकवृंदाने सूर धरला. वॉचमनच्या पायावर तीन थेंब, टिपला, पुढे. मोचीच्या पायावर तीन थेंब, टिपला, पुढे. फोटोवाला वाकून वाकून मागे सरकत होता. अकरा पाय आटपायला आठ मिनिटंही लागली नाहीत.

मग साहेब धाकटीपुढे आले, आणि धाकटीने डोळे घट्ट मिटून डावा पाय पुढे केला.

करंगळीची जागा रिकामी होती. तिच्या शेजारचं उघडं तोंड ओलसर लाल दिसत होतं, आणि भोवतालचं कातडं साबणाच्या पाण्यात कुजल्यासारखं पांढरं. पुढच्या रांगेतल्या एका पाहुणीने तोंडावर हात ठेवला. साहेबांचा हात हवेतच थांबला. ते बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा बदलला. गालावरची सगळी इस्त्री मोडली. अगं बाई, हाच तो, मावशीला वाटलं. आहे अजून. जिवंत आहे.

साहेबांनी मान वर केली आणि फोटोवाला कुठे उभा आहे ते बघितलं. तो उजवीकडे होता. साहेबांनी खिडकीतला उजेड चेहऱ्यावर येईल एवढी मान वळवली, धाकटीचा पाय दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून, कॉलरच्या माइकमध्ये नीट जाईल अशा आवाजात म्हणाले, "भगिनी, या जखमा तुझ्या नाहीत. या माझ्या आहेत."

चर्चभर हुंदका फिरला. पाहुणीने चष्मा काढून पुसला. मावशीने किटली जमिनीवर ठेवून दिली. शिसारीने. सव्वीस वर्षं जपून ठेवलेलं एक माणूस तिच्या डोळ्यांदेखत मेलं होतं आणि गायकवृंद गात होता.

साहेबांनी चांदीची झारी उचलली. धाकटीने पाय मागे घेतला.

"नको साहेब."

साहेब हसले. छान हसले, अनुभवी माणसासारखे. "प्रभूचा पहिला शिष्यही असंच नको म्हणाला होता," ते माइकला म्हणाले.

"तसं नाही साहेब," धाकटी म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच होते, आणि म्हणूनच बहुतेक तिला बोलता आलं. "पाणी नको. पाण्यातच उभी असते मी दिवसभर. तुम्ही पाणी ओतू नका, पाणी काढा तेवढं."

माइकला काय, साहेबांचा आवाज आणि लाँड्रीवालीचा आवाज सारखाच. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"लाँड्रीतलं म्हणते मी. तुमचा हॉल बांधला ना, आमची मोरी त्याच्याखाली गेली. तीन वर्षं झाली. डॉक्टरीणबाई म्हणतात पाय काढावा लागेल."

साहेबांनी कॉलरवर तळहात दाबला. ओठ फारसे न हलवता ते म्हणाले, "हे इथे नाही."

"मग कुठे साहेब?"

"सेक्रेटरींना भेटा."

आणि त्यांनी झारी वाकडी केली. पाय खुर्चीखाली गेला होता, तरी केली. रिकाम्या घंगाळात तीन थेंब पडले, टिप टिप टिप. फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो घेतला. मग साहेबांनी स्वतःचे हात टिपले आणि उठले. गायकवृंदाला कुणीतरी खूण केली; त्यांनी आवाज वाढवला.

मागच्या खोलीत प्रार्थनापूर्वक लालबुंद होऊन उभा होता. "चाव्या द्या."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? हे तुम्ही शिकवलंत तिला! साहेबांची शोभा केलीत, पाहुण्यांसमोर! एकतीस वर्षं ज्या घरचं अन्न खाल्लंत—"

"ज्या घरची जमीन पुसली," मावशीने दुरुस्ती केली. "आणि घ्या की चाव्या. पण बेचाळीस आहेत. साडेपाच वाजत आले. भवनाची कुठली ते ओळखाल का? की तिथे उभं राहून प्रार्थनापूर्वक शोधाल?"

त्याने घड्याळ बघितलं. पाहुणे अंगणात चहाला निघाले होते. "कार्यक्रम झाल्याबरोबर द्यायच्या," तो बोट नाचवत म्हणाला. "आणि खोलीही रिकामी करायची."

"देते. एक दार उघडायचं राहिलंय, तेवढं उघडते आणि देते."

मावशीने भवन उघडलं. दोनशे खुर्च्या पुसल्या. प्रामाणिकपणे पुसल्या, कारण खुर्च्यांचा काही दोष नव्हता. व्यासपीठावर साहेबांचा भला मोठा फोटो होता आणि त्याखाली 'नेता म्हणजे सेवक'. पाहुणे बसले, भाषणं सुरू झाली, तशी ती बाजूच्या दाराने बाहेर पडली आणि दवाखान्याला वळसा घालून लाँड्रीत आली.

तिथे धाकटी पुन्हा पाण्यात उभी होती. डाव्या पायाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, ती केव्हाच आतून भरलेली. बाकीच्या आठजणी चादरी पिळत होत्या. मावशीला बघून सगळ्या थांबल्या.

"ताई, तुझं काय झालं गं?" धाकटीने विचारलं. "माझ्यामुळे काढलं ना तुला?"

"तुझ्यामुळे नाही. मी गाढवी म्हणून." मावशी उंबऱ्यावरच उभी होती. "तू बरोबर बोललीस. मीच चुकले. मला वाटलं, दाखवलं की दिसतं. पालथ्या घड्यावर पाणी! त्यांना काय दिसायचंय? त्यांनी तुझ्या जखमेत स्वतःचा फोटो बघितला." मग तिने चपला काढल्या आणि पाण्यात उतरली. पाणी घोट्याला लागलं तशी ती क्षणभर थबकली. पायांना ब्लीचची आग व्हायला लागली होती. एकतीस वर्षांत ती या खोलीत उंबऱ्याच्या आत कधी आली नव्हती. नेहमी दारातूनच बहिणीशी बोलून गेली होती.

"धाकटे," ती म्हणाली, "हे असं चावतं, हे मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं गं. तू घाईत असायचीस."

मावशी पाणी कापत समोरच्या भिंतीशी गेली. तिथे एक दार होतं. भवन बांधताना नियम म्हणून ठेवलेलं, आग लागली तर पळायला. ते पलीकडे भवनात उघडायचं, आणि भवनाची फरशी इकडच्यापेक्षा चांगली चार बोटं खाली होती. म्हणून दाराच्या तळाशी आडवी फळी ठोकून, फटींत डांबर लावलेली पोती कोंबून ठेवली होती. तीन वर्षांत एक थेंब पलीकडे गेला नव्हता. म्हणजे पाणी अडवायची अक्कल होती, हे मावशीने पहिल्यांदाच नीट बघितलं. काढायची तेवढी नव्हती.

"बायांनो," ती म्हणाली, "चादरी वर घ्या. ते कपडे ढवळायचं दांडकं आणा इकडे."

दोघींनी दांडकं फळीखाली घातलं, बाकीच्यांनी पोती ओढली. मावशीने जुडग्यातून चावी काढली, न बघता. दारापलीकडून साहेबांचा आवाज येत होता. ते म्हणत होते की आपण दुर्बळांच्या पायाशी बसायला शिकलं पाहिजे. फळी कडकड करत सुटली आणि मावशीने दार ढकललं.

पाणी काही आरडाओरडा करत गेलं नाही. जायला वाट मिळाल्यासारखं, मुकाट्याने गेलं. पांढरट, फेसाळ, चादरींचे धागे आणि कुणाकुणाच्या दुखण्याचा वास घेऊन. संगमरवरावरून ते असं सुरेख पसरलं की परदेशी फरशीचं सार्थक झालं. पहिल्या रांगेने पाय उचलले, मग दुसरीने, मग सगळ्या भवनाने. दोनशे माणसं दोन्ही पाय वर धरून बसली. उजवा-डावा असा भेद तिथे कुणी केला नाही. व्यासपीठाची पायरी बुटकी होती. साहेबांनी पळता पळता झगा पोटऱ्यांपर्यंत उचलला. पाणी पुढच्या दारातून पायऱ्यांवर आणि तिथून रस्त्याच्या गटारात गेलं, जिथे ते तीन वर्षांपूर्वीच जायला हवं होतं.

प्रार्थनापूर्वक छप छप करत दारापर्यंत आला. बूट गेले होते. "काय... काय केलंत हे!"

"अर्जावरचा विचार पूर्ण झाला," मावशी म्हणाली. "प्रार्थनापूर्वक." तिने कमरेचा जुडगा सोडला आणि त्याच्या हातात ठेवला. त्याला तो एवढा जड असेल असं वाटलं नसावं. हात खाली गेला.

त्याच्या मागून साहेब आले. दारात थांबले. झग्याची कड ओली, मोजे ओले, हातात पुरस्काराची काचेची पाटी. नऊ बायकांकडे बघून झालं, धाकटीकडे बघून झालं, मग ते मावशीकडे वळले. तोंड उघडलं आणि मिटलं. कॉलरला माइक नव्हता, आणि त्याच्याशिवाय काय बोलायचं ते बहुतेक त्यांना सुचत नव्हतं.

"ओल्या मोज्यांत उभे राहू नका साहेब," मावशी म्हणाली. "पाय खराब होतात."

साहेब वळले आणि गेले. प्रार्थनापूर्वक जुडगा छातीशी धरून त्यांच्यामागे गेला. पलीकडे खुर्च्या सरकल्याचे, मोटारी सुरू झाल्याचे आवाज आले. उद्या काय होणार ते सगळ्यांनाच माहीत होतं. बिल्डरचा माणूस येईल, फळी पुन्हा ठोकेल, नाहीतर फरशी फोडेल. मावशी कुठे राहणार हेही ठरायचं होतं. धाकटी म्हणाली, माझ्याकडे जिन्याखाली दोघी मावू.

मावशीच्या खांद्यावर अजून चर्चचा तो कशिद्याचा टॉवेल होता. मगाशी ठेवून यायचा राहिलाच होता. धाकटीला तिने उलट्या बादलीवर बसवलं, प्लास्टिकची पिशवी फाडून काढली आणि डावा पाय मांडीवर घेऊन टिपायला लागली. पावडर नाही, पाणी नाही, नुसतं टिपणं.

"दुसरा पण दे," ती म्हणाली.

धाकटीने दुसरा दिला. बाकीच्या बायका जिथे होत्या तिथेच उभ्या होत्या, आणि सगळ्या खाली बघत होत्या. जमिनीवर उरलेलं पाणी भराभरा ओसरत चाललं होतं.

"ताई," धाकटी म्हणाली, "ही फरशी पिवळी आहे की गं. मी विसरूनच गेले होते."

मावशीने मान वर केली नाही. बोटांच्या मधलं पाणी टिपायचं अजून राहिलं होतं.